सीलबंद किटमधलं जोडलेलं इंजिन

मंडळी, परवा ग्रुपवर ज्या सीलबंद किटचा फोटो मी मिरवला, ते सीलबंद नव्हतं. मलाही हे आज दुपारीच कळलं.

चौऱ्याऐंशी साली, मी नववीत असताना, बोटीवर काम करणाऱ्या मामाने हे सुटे भाग चिकटवून छोटी मॉडेल गाडी बनवायचं जपानी किट आणलं होतं. "दहावी झाल्यावर उघडायचं," म्हणून आईने ते वाशीच्या घरात कपाटावर ठेवलं. पुढे मला अशा मॉडेल गाड्यांच्या संग्रहाचं वेड लागलं. न उघडलेल्या किटला जास्त मान, म्हणून मी कधी हातच लावला नाही.

आज जुनी चिकटपट्टी आपोआप सुटली. आत सगळे भाग न तोडता प्लास्टिकच्या फ्रेमलाच होते, फक्त इंजिन जोडून तयार. प्लगच्या वायरी म्हणून शिवणाचा जांभळा दोरा लावलेला.

आई शेजारीच वाल सोलत बसली होती. तिला दाखवलं.

"आतल्या कागदावरच्या चित्रात वायरी होत्या, डब्यात नव्हत्या. मग लावल्या मी," ती म्हणाली.

"कधी?"

"तू शाळेत गेलास की दुपारी. पुढच्या चित्रात बॉनेट चिकटवायचं होतं, म्हणून थांबले आणि डब्याला परत पट्टी लावली. इंजिन झाकलं गेलं असतं ना."

चाळीस वर्षं मी हिला माझ्या गाड्या दाखवतोय आणि ही फक्त "छान" म्हणतेय.

आता गाडी पुरी करू की अशीच ठेवू? तुम्ही काय केलं असतं? आईला विचारलं, तर वाल सोलता सोलता म्हणाली, "दहावी झाली ना तुझी?"