गुरुवारी अकरा ते एक

गेली आठ वर्षं मी एक गोष्ट लोकांना खोटी सांगत आलो. ती आता खरी लिहून ठेवतो.

सातपूरच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं प्रयोगशाळेत होतो. टाक्यांतल्या पाण्याचे नमुने घ्यायचे, थेंब थेंब सोडायचे, रंग बदलला की आकडा लिहायचा. काम एवढंच. पण कॉलनीतल्या लोकांना वाटायचं, याला रसायनांतलं कळतं. निवृत्त झाल्यावर कुणाचं पोट फुगलं की तो माझ्या दारात. अर्धा ग्लास पाणी, चिमूटभर खायचा सोडा, वरून अर्धं लिंबू, आणि फसफस आहे तोवर एका दमात प्यायचं. पुढचा नियम माझा स्वतःचा होता. पाच मिनिटांत ढेकर आला तर गॅस, नाही आला तर दवाखाना. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दहा-वीस जणांना बरं वाटलं आणि नियम डोक्यात पक्का झाला. लोक मला ‘डॉक्टर’ म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. मला ते आवडायचं.

मागच्या गल्लीत माझा मित्र राहायचा. आम्ही एकाच कारखान्यातले, तो मशीनवरचा. एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास तो आला. बायको माहेरी सायखेड्याला गेलेली, घरात मी एकटाच.

“डॉक्टर, छातीत गच्च झालंय,” तो म्हणाला. “दवाखान्यातच चाललो होतो. म्हटलं, आधी मोठ्या डॉक्टरला दाखवू.”

“सकाळी काय खाल्लंस?”

“उपवासाची खिचडी.”

“मग दुसरं काय होणार? बस इथे. तिकडे तासभर बाकावर बसवतील आणि शेवटी गॅसचीच गोळी हातात ठेवतील.”

तो बसला, प्यायला. दोन मिनिटांत ढेकर आला. लांबलचक, खोलातून आलेला, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. “बघ, निघाला!” मी म्हणालो. तोही हसला. अर्ध्या तासानं तो पुन्हा छाती चोळायला लागला, तेव्हा मी दुसरा ग्लास दिला. पुन्हा ढेकर आला. एकच्या सुमारास “घरी जाऊन पडतो” म्हणून तो उठला. सव्वा वाजता कॉलनीच्या बागेतल्या बाकावर तो लोकांना दिसला. बसलेलाच होता. पण गेलेला.

संध्याकाळी पुण्याहून त्याचा मुलगा आला. वहिनी पुन्हा पुन्हा सांगत होत्या, “दवाखान्यात जातो म्हणून अकराला निघाले.” कुणीतरी दवाखान्यात विचारून आलं. तिथे तो गेलाच नव्हता.

“मग दोन तास बाबा होते कुठे?” मुलानं विचारलं. मी दारापाशी उभा होतो. तो माझ्याकडे वळला. “काका, तुमच्याकडे आले होते?”

“नाही रे,” मी म्हणालो. “आला असता तर मीच त्याला घेऊन गेलो नसतो का?”

हे दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी आपणहून जोडलं.

त्या वाक्यानं वहिनी खोट्या ठरल्या. त्यानं दुखतंय म्हणून सांगितलं असणार, वहिनींनी लक्ष दिलं नसणार, आणि आता दवाखान्याचं नाव पुढे करतात, असं कॉलनीत बोललं जाऊ लागलं. मुलानंही तेच धरलं. तो वर्षातून एकदा, श्राद्धाला यायचा आणि तासाभरात परत निघायचा. मी सोडा देणं बंद केलं. का, ते कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी माझी बायको वारली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानंतरच्या एका गुरुवारी अकरा वाजता बेल वाजली. दारात वहिनी.

“भाऊजी, जरा सोडा द्या. गच्च वाटतंय.”

नाही म्हणायला तोंड नव्हतं. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आहेत. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. तो बसला होता तीच. ग्लास हातात धरून त्या आतले बुडबुडे बघत राहिल्या. शेवटचा फुटल्यावर साधं पाणी प्यावं तसं प्यायल्या. ढेकर आला नाही. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसून राहिल्या. एक वाजला तशा “येते” म्हणून उठल्या. मी गॅलरीतून पाहिलं. त्या बागेत गेल्या, त्या बाकावर पाव तास बसल्या, मग घरी गेल्या.

पुढच्या गुरुवारी पुन्हा. मग दर गुरुवारी. एकदा मी कडी लावून गप्प बसलो. बेल एकदाच वाजली. एकला हळूच दार उघडलं, तर त्या पायरीवर बसलेल्या होत्या. उठल्या, पदर झटकला आणि बागेकडे चालू लागल्या.

मागच्या महिन्यात त्यांनी रिकामा ग्लास पुढे केला. साडेअकरा झाले होते.

“आता दुसरा द्या,” त्या म्हणाल्या. “त्यांना दिला होतात ना?”

दुसऱ्या ग्लासाबद्दल मी कुणाशीच कधी बोललो नव्हतो. हातातला चमचा मी परत सोड्याच्या बरणीत ठेवला.

“वहिनी, तो माझ्याकडेच होता,” मी म्हणालो. “दवाखान्यात निघाला होता. मी अडवला.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. त्यांच्या शर्टाला लिंबाची बी चिकटली होती. दवाखान्यात लिंबू पिळतात का?”

“आणि दुसरा ग्लास?”

“तुम्ही कुणाला एका ग्लासावर सोडलंय कधी?”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले होते की. दवाखान्यात निघाले म्हणून ओरडून सांगत होते. कुणी ऐकलं? बी दाखवली असती तर तीही मीच चिकटवली म्हणाले असते. ते तुमच्या तोंडून यायला हवं होतं. सात वर्षं वाट पाहिली. मग म्हटलं, समोरच जाऊन बसावं.”

मी हात जोडले. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा.” त्यांनी मुलाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“काय गं?” तिकडून आवाज आला. तुटक.

मी सगळं सांगितलं. खिचडी, सोडा, ढेकर, दोन ग्लास, आणि दाराशी उभं राहून बोललेलं खोटं. संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

“काका, बाबांना घाम आला होता का?”

हे मी वहिनींना सांगितलं नव्हतं. स्वतःलाही कधी पूर्ण वाक्यात सांगितलं नव्हतं. वहिनींनी मान वर केली. याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

“आला होता,” मी म्हणालो. “पहिल्या ग्लासानंतरच. शर्ट पाठीला चिकटला होता. हात जड झालाय म्हणाला. मी पंखा पाचवर केला आणि मॅच बघत बसलो.”

“म्हणजे तुम्हाला दिसत होतं.”

“दिसत होतं. पण ढेकर आला होता. माझं बरोबर ठरलं होतं.”

 “आईला द्या,” तो म्हणाला.

वहिनींनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीत उभ्या राहिल्या. मधूनमधून त्यांचा “हं” तेवढा ऐकू येत होता. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी विचारणारही नाही.