आज तेल, उद्या पाणी

मुलांनो, तिकडे तुमच्या घरातला पाइप थंडीने फुटल्याचं तुमच्या आईने काल फोनवर सांगितलं आणि मला डोंबिवलीतले आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी आठवले. तुमची आई तेव्हा शाळेत होती. हे गृहस्थ लष्करातून निवृत्त होऊन आले, ते लडाखची थंडी डोक्यात घेऊनच. हिवाळा लागला की झोपताना मोरीतला नळ बारीक सोडून ठेवत. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं. सकाळी गच्चीवरची टाकी रिकामी आणि बादल्या घेऊन सगळी इमारत त्यांच्या दारात.

ते आधी घसा खाकरत. "वाहतं पाणी गोठत नाही, वहिनी."

"अहो भाऊ, ही डोंबिवली आहे! इथे फार तर बाटलीतलं खोबरेल गोठतं."

पुन्हा खाकरणं. "गोठलं ना? आज तेल, उद्या पाणी."

"मग नळ बंद करा आणि पाइपाला गोधडी पांघरा," मी वैतागून म्हटलं. त्यांना ते पटलं! दुसऱ्या दिवशी बाजारातून येऊन बघते, तर इमारतीचे सगळे पाइप, आमच्या खिडकीबाहेरचासुद्धा, गोणपाटात गुंडाळून नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेले. टाकी मात्र त्या दिवसापासून पुरू लागली.

तुम्ही खुशाल नळ बारीक सोडून ठेवा, तुमच्याकडे पाणी भरपूर आहे. आमचं गोणपाट केव्हाच कुजून गेलं. त्यांनी मारलेली दोरीची गाठ मात्र कुणालाच सुटली नाही. ती अजून पाइपावर आहे.