काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी

बहिणीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेतो म्हणून अख्खी गल्ली त्याला बंधू म्हणायची. एरवी तो लाँड्रीच्या चादरी पोहोचवायचा, त्याच वीस वर्षांच्या म्हाताऱ्या व्हॅनमधून. सोमवारी ती भर रस्त्यात बंद पडली. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आणि टाकी ठणठणीत कोरडी! ताई उशिरा पोहोचली, मशीनवरचा तिचा एक तास गेला, आणि पायांची सूज अजून उतरली नव्हती.

आज मंगळवार. उद्या सकाळी सातला पुन्हा जायचं. टाकी भरली तरी काट्यावर भरवसा उरला नव्हता; बंधूचा जीव टांगणीला लागला होता.

"काट्याचं मीटर गेलंय," गाडीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला. "नवीन मागवू. चार दिवस लागतील."

चार दिवस! त्याच्या बापाचं काय जातंय? त्याची बहीण थोडीच मशीनवर जगते!

बंधूने स्वतःच मागची सीट उचलली. टाकीच्या झाकणावरची वायर काढली, किल्ली फिरवून काट्याकडे बघायला बायकोला पुढे बसवलं आणि वायरचं टोक बॉडीच्या पत्र्याला टेकवलं.

"वर चाललाय हो! पार फुल!"

"काढली. आता?"

"खाली आला."

म्हणजे मीटर बिचारं खरं बोलत होतं. खोटारडा टाकीत बसला होता.

त्याने स्क्रू काढले. पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची, काटा हलवणारी दांडी बाहेर आली. दांडी वाकडी होती. ती त्यानेच वाकवली होती, दोन वर्षांपूर्वी. काटा खाली गेला की ताई घाबरते असं वाटून, तो कायम थोडा वर दिसावा म्हणून. स्वतः तेवढं मनातल्या मनात वजा करायचा. तीच दांडी टाकीच्या कडेला अडकली होती, म्हणून काटा अर्ध्यावरून हललाच नव्हता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

दांडी सरळ करून बसवली, काटा हलू लागला, तरी त्याला चैन पडेना. तो ताईपुढे जाऊन उभा राहिला.

"ताई, सोमवारचं माझ्यामुळे झालं," म्हणत त्याने सगळं सांगून टाकलं.

ताईने कपाळावर हात मारला. "अरे वेड्या, माझ्या सीटवरून काटा दिसतो तरी का? स्टिअरिंगच्या आड जातो तो. मी घाबरायचे ते तुझं तोंड बघून."

बंधूने रुमालाने तोंड पुसलं.

"आत्ताही तोंड तसंच झालंय," ती म्हणाली.

बंधूने तोंड फिरवलं.