प्रपोजलचं पहिलं वाक्य

‘पाणी केव्हा द्यायचं हे शेतकऱ्याला कळत नाही.’ आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं प्रपोजल या वाक्याने सुरू होत होतं. ते माझं नव्हतं. गाईड सरांनी माझ्या कागदावर लाल पेनाने लिहून दिलं होतं. मातीत सेन्सर खुपसायचा आणि ओलावा मोबाइलवर बघायचा, एवढंच आमचं काम. आम्ही चौघी वाशिमच्या कॉलेजात शिकणाऱ्या, चौघींच्या घरी शेती. तरी एकीनेही तोंड उघडलं नाही. त्याचा राग मला आजही येतो, सरांचा कमी आणि स्वतःचा जास्त.

अनसिंगजवळच्या आमच्या वावरात माझी आई हरभऱ्याच्या ओळीत बसते, वीतभर माती उकरते आणि मुठीत दाबते. गोळा फुटला तर पाणी, टिकला तर “आज राहू दे.” आणि तिला कळत नाही, असं तिच्याच पोरीने टाईप केलं!

प्रपोजल द्यायच्या आदल्या दिवशी आमचा सेन्सर एकाच कुंडीत कधी तीस टक्के ओलावा दाखवत होता, कधी सत्तर. यातला खरा आकडा कोणता हे ठरवायचं कसं, असं मी सरांना विचारलं.

“त्यात काय? घरी जाय, तुह्या आईले माती दाखव. ते बरोबर सांगते.”

“मग सर, पहिलं वाक्य खोडू?”

“खोडतं कायले? त्याच्याशिवाय प्रपोजल पास होत नाही.”