गाळ्यांच्या रेषांवर आट्यापाट्या

"कारंजं मधोमध पाहिजे," साहेब म्हणाले.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. ग्रामपंचायतीसमोर टँकर उभा होता आणि घागरींची रांग पार मारुतीच्या पारापर्यंत गेली होती.

"सर, कारंज्याला पाणी कुठलं?"

"दुष्काळ काय कायमचा असतो का? प्लॅनमध्ये दाखवून ठेवा."

साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता. पण लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्यात आपल्या हातून काहीतरी दिसण्यासारखं व्हावं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मी नगररचना ऑफिसात रचना सहायक. म्हणजे गावातली कुठली जागा कशासाठी वापरायची, त्याचे नकाशे काढणारा. मूळचा किनवटचा आणि डोक्यानं तापट. न होणारी गोष्ट नकाशात दाखवायला सांगितली की माझं टाळकं सरकायचं.

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं या गोष्टीवरून अजून एकमेकांची खेचतात, उगाच मलाही त्यात ओढतील. गावाच्या मधोमध मोठी मोकळी जागा होती. ती सरकारची नव्हती आणि कुणा एकाचीही नव्हती. निजामाच्या अमलापासून ती गावाची सामायिक होती. तिचं काय करायचं, हे ग्रामसभेनं ठरवायचं आणि आमच्या ऑफिसनं त्यांना पर्याय द्यायचे, असं काम होतं.

साहेबांना बाग आणि कारंजं हवं होतं. सरपंच माधवरावांना गाळे हवे होते, म्हणजे भाड्यानं द्यायची दुकानं.

"गाव तालुक्याचं व्हनार म्हून हवा हाय," माधवराव म्हणाले. "आत्ता गाळे बांधले तर भाडं येईल. त्या भाड्यात पंचायत हीर खोल करील. टँकरची वाट बघत किती दिस बसावं आमी?"

त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांना वाईट माणूस ठरवून मोकळं होता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

तिसरा पर्याय मैदान तसंच ठेवायचा. तो मागणारं माणूस एकच होतं, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कांबळे बाई. त्या रोज संध्याकाळी तिथं पोरींचा खेळ घ्यायच्या.

"बाई, पोरींना गावाबाहेर गायरानाकडे जागा देता येईल," मी म्हटलं.

"तिकडं एकही पोरगी येणार नाही साहेब. म्हणजे घरचे येऊ देणार नाहीत. हे मैदान सगळ्यांच्या उंबऱ्यावरून दिसतं. आई भाकरी थापता थापता पोरीवर नजर ठेवते, म्हणून तर सोडते." मग जरा थांबून म्हणाल्या, "ह्या खेळाच्या नावावर मी दोन पोरींची लग्नं पुढं ढकलायला लावलीत. मैदान गेलं तर त्या वर्गातून पण जातील."

नकाशावर त्या जागेत मी स्वतःच्या हातानं 'रिकामी' असं लिहिलं होतं. कारण पाहणीला आम्ही सकाळी आलो होतो आणि सकाळी तिथं कुत्रंही नव्हतं.

ग्रामसभेच्या आधी पंचायतीच्या टेबलावर तिन्ही नकाशे पसरले. बागेचा दाखवला, लोक म्हणाले, "हाव, बेस हाय." गाळ्यांचा दाखवला, तरी, "हाव, बेस हाय." मैदानाचं विचारलं, त्यालाही हाव. एका आजोबांनी गाळ्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "येवढूशी तर जागा जाऊन राहिली. जाऊ द्या की!"

बरोबरच होतं त्यांचं. माझ्या नकाशावर एक गाळा बोटाच्या नखाएवढा होता. दोष आजोबांचा नव्हता, कागदाचा होता. पण मी चिडलोच. म्हटलं, आता ह्यांना खराच आकार दाखवतो!

आमच्या कामात लाइनआउट म्हणून एक प्रकार असतो. पाया खोदायच्या आधी इमारत जमिनीवर खऱ्या मापात आखायची. ते बांधकामाच्या वेळी करतात, मी पर्याय ठरवतानाच करायचं ठरवलं. शाळेतून मैदान आखायची पांढरी फक्की आणली, आमच्या चेनमनला, म्हणजे मोजणीची साखळी धरणाऱ्या गड्याला, सोबत घेतलं आणि उन्हात उभं राहून आखायला लागलो. गाळ्यांच्या दोन रांगा, पाठीला पाठ लावून, मधली भिंत सामायिक. दोन गाळ्यांमध्ये आडवी भिंत. भिंतीला जाडी असते म्हणून प्रत्येक भिंतीच्या दोन रेषा. मी मापाचा पक्का, एक रेष वाकडी जाऊ दिली नाही. साहेबांना वाईट वाटू नये म्हणून टोकाला कारंज्याचा गोलही काढला. मग पंचायतीत येऊन बाकावर पडलो तो डोळाच लागला.

जाग आली ती संध्याकाळी, आरडाओरड्यानं. बाहेर बघतो तर माझ्या गाळ्यांत अख्खं गाव घुसलेलं!

"ए! रेषा पुसून राहिले की! बाजूला व्हा!" मी अनवाणीच धावलो.

कांबळे बाईंनी मला अडवलं. त्यांना हसू आवरत नव्हतं. "अहो, तुम्हीच आखून दिलंत ना?"

"गाळे आहेत ते!"

"गाळे? सगळं गाव समजतंय की दुष्काळात लोकांचा जीव रमावा म्हणून सरकारनं आट्यापाट्यांचं मैदान आखून दिलंय!"

मी परत बघितलं आणि कपाळावर हात मारला. आट्यापाट्या ज्यांनी खेळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मधोमध एक लांब पट्टा असतो, त्याला सूर म्हणतात. त्याला छेदून आडवे अरुंद पट्टे, त्या पाट्या. प्रत्येक पाटीवर एक जण पहारा देतो आणि समोरच्यांनी त्याला हुलकावणी देऊन, हात लागू न देता पाट्या ओलांडायच्या. माझी सामायिक भिंत म्हणजे सूर आणि आडव्या भिंती म्हणजे पाट्या. मापसुद्धा जवळपास तेच! इतकं झकास मैदान त्या गावाला जन्मात कुणी आखून दिलं नसेल.

पोरी खेळत होत्या, पोरींच्या आया पदर खोचून खेळत होत्या. आणि सूर धरून कोण उभं? धोतराचा काचा मारलेले सरपंच माधवराव! तरणेपणी पंचक्रोशीत त्यांच्या सुराला तोड नव्हती म्हणे. पण बाईंची एक पोरगी त्यांना डावीकडे झुकवून उजवीकडून अशी निसटली की माधवराव सपशेल खाली बसले. गाव हसून हसून लोळायचं बाकी राहिलं.

माधवराव धापा टाकत उठले आणि चौफेर बघायला लागले. मग माझ्याकडे आले.

"इंजिनेरसाहेब, गाळे येवढे मोठे?"

"येवढेच. कागदावर बारीक दिसतात."

"मंग मैदान उरतंय कुठं?"

"उरत नाही."

त्यांनी एक गाळा पावलांनी मोजून बघितला. मग म्हणाले, "मधात कामून घालायचे? गिऱ्हाईक यष्टीतून उतरून रस्त्यानं येतंय. रस्त्याच्या अंगाला एकच रांग धरा. थोडे कमी झाले तर होऊ द्या."

हे मला सुचायला हवं होतं. मी लगेच फक्की घेऊन रस्त्याच्या कडेनं नवी रांग आखली. तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक बाई ओरडली, "आवो, तिथं भितं आल्यावर माझ्या दारातून पोरगी कशी दिसंल?"

आता भिंतीची उंची फक्कीनं दाखवता येत नाही. पण आता चेव आला होता, सगळ्यांनाच. माधवरावांनी गडी बोलावले, हातात काठ्या दिल्या, काठ्यांवर धोतरं आणि सतरंज्या चढवल्या आणि त्यांना रेषेवर भिंतीसारखं उभं केलं. ती बाई आपल्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"दिसती का?"

"न्हाई!"

भिंत पंचायतीकडे दहा पावलं सरकली. "आता?"

"अर्धीच!"

नेमकी त्याच वेळी साहेबांची जीप आली. ग्रामसभेला हजर राहायला आले होते. खाली उतरून बघतात तर काय, गावातले कर्ते पुरुष धोतरं वर धरून ओळीनं उभे आणि त्यांचा रचना सहायक अनवाणी.

"हा काय तमाशा लावलाय?"

"सर, भिंत सरकवून बघतोय."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "आणि माझं कारंजं?"

मी बोट दाखवलं. संध्याकाळची खेप घेऊन आलेला टँकर बरोबर त्या गोलात उभा होता आणि बायका गोलाच्या रेषेवरून शिस्तीत घागरी लावत होत्या. साहेब बघत राहिले. तेवढ्यात एक पोरगी त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, "साहेब, पाटीवरून सरा की, खेळू द्या."

साहेब सरले! मुकाट्यानं सरले आणि मग एकदम हसायला लागले. माझ्या जिवात जीव आला.

भिंत पंचायतीच्या अंगाला गेली तेव्हा उंबऱ्यातून आवाज आला, "दिसती! सगळी दिसती!" लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की जणू गाळे बांधून झाले. ग्रामसभा तिथंच, उभ्याउभ्या झाली. गाळे पंचायतीच्या अंगाला, तोंड रस्त्याकडे. भाडं विहिरीला. बाकी सगळं मैदान. ठराव माधवरावांनी मांडला आणि एकही हात खाली राहिला नाही. साहेबांनी नकाशावरचा 'रिकामी' शब्द खोडायला लावला आणि तिथं 'खेळाचे मैदान' लिहून घेतलं. कांबळे बाई पोरींच्या घोळक्यात उभ्या राहून खुशाल रडत होत्या. खरं सांगतो, माझेही डोळे भरले आणि मी ते फक्कीच्या धुळीवर ढकललं.

गाळे झाले, विहीर खोल झाली. पुढं नव्या जिल्ह्याच्या शालेय सामन्यांत बाईंच्या पोरींनी शहरातल्या शाळेला लोळवलं. मी ऑफिसला दांडी मारून बघायला गेलो होतो. शेवटच्या पाटीवरून पोरगी सुटली तेव्हा सरकारी नोकर असून मी शिट्टी मारली. शेजारी बघतो तर साहेब. रजेचा अर्ज दोघांपैकी कुणीच दिला नव्हता.

धडा एवढाच, की लोकांना पर्याय विचारताना कागदावर बोट ठेवायला लावू नये, त्या पर्यायात नेऊन उभं करावं. कागदावर माणूस कशालाही हो म्हणतो.