पिकअपच्या आधीचा प्रश्न

"गाडीचं मागनं बघू. आधी जेवणाचं सांगा."

जुन्या हुबळीतल्या एका बोळात, बॉनेट उघडलेल्या गाडीपुढे दोन्ही हात पाठीमागे बांधून अण्णा हे म्हणायचे. समोरचा माणूस गोंधळायचा. तो आलेला असायचा गाडीचा जोर वाढवून घ्यायला, आणि हा मेकॅनिक जेवणाचं विचारतोय. काहींना वाटायचं, जेवायला बोलावतायत. एक जण तर म्हणाला होता म्हणे, "नको, आत्ताच खानावळीत खाऊन आलो."

प्रश्न त्याला नसायचाच. तो असायचा त्याच्याबरोबर आलेल्या घरच्या माणसाला. अण्णांचा नेमच होता: गाडीला जास्तीची ताकद पाहिजे तर घरचं एक माणूस घेऊन या. आई, बायको, बहीण, कुणीही चालेल, पण रोज त्याला जेवताना बघणारं पाहिजे. मग त्या माणसाला विचारायचे, "ह्यांचं जेवण कसं? घाईचं की सावकाश?" उत्तर ऐकून ठरवायचे, ह्या माणसाच्या हातात किती ताकद द्यायची, कधी द्यायची, की नुसतं ऑइल बदलून घरी पाठवायचं.

तुम्ही म्हणाल, हा काय प्रकार. मीही म्हणाले होते. पण जरा तुमच्या घरची पंगत डोळ्यांपुढे आणा. आमटी वाढून व्हायच्या आत भात कालवतो तो कोण, आणि त्याच्या गाडीच्या पुढच्या बंपरवर ओरखडे किती, हे एकदा पडताळून बघा. मी आमच्या सगळ्या गोतावळ्याचं बघितलं. धाकट्या दिरांच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही.

कोप्पीकर रोडवरच्या एका कापडवाल्याची बायको अण्णांना म्हणाली होती, "मी चटणी वाढेपर्यंत ह्यांचं ताट रिकामं असतंय." झालं. शेठजी टर्बोची चौकशी करायला आले होते, ते नवे टायर घालून परत गेले. कॉलेजच्या एका मुलानं तर भाड्यानं काका आणला होता. अण्णांनी काकाला विचारलं, "पुतण्याला भाजी कुठली आवडत नाही?" काका गप्प.

अण्णा मूळचे अळणावरकडचे. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये जायचे आणि परत यायचे, आपल्या इथल्या सगळ्यांसारखे. आयुष्यभर लॉऱ्यांच्या डिझेल पंपाचं काम केलेलं. पन्नाशीनंतर लॅपटॉप शिकले. आता गाडीचा जोर स्क्रू फिरवून वाढत नाही, गाडीच्या पोटातल्या कॉम्प्युटरला नवी फाइल भरावी लागते. कुठल्या वेगाला किती पेट्रोल, किती हवा, ठिणगी कधी, सगळं त्या फाइलीत. अण्णा ती फाइल स्वतः लिहायचे, एका बोटानं टाइप करून. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून ठेवायचे, तान्ह्या बाळासारखा.

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या धाकट्या लेकीमुळे, मनूमुळे. ह्या गोष्टीला आठेक वर्षं झाली. तेव्हा मी चौसष्टची होते. आजी झाले नव्हते, त्यामुळे अक्कलही यायची होती. मनू एकतीसची. बेंगळूरला नोकरी आणि लग्नाचं नाव काढू द्यायची नाही. स्थळं पाहून मी थकले, आणि एक दिवस ती घरी आली ती एक गाडी घेऊनच. जुनी घेतलेली, जर्मन बनावटीची, चार दारांची. दिसायला एखाद्या बँक मॅनेजरची वाटावी अशी गरीब, राखाडी. पण सुरू केली की नवनगरातल्या आमच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची.

"आई, हिच्यात अजून खूप आहे," मनू म्हणाली. "कंपनीनं दाबून ठेवलंय. फाइल बदलली की खुलेल. पण ते अण्णा घरचं माणूस आणल्याशिवाय गाडीला हात लावत नाहीत. चल तू."

मी लगेच निघाले. मला वाटलं, माझ्या गाडीतल्या ज्ञानाची कदर होणार. माझं ज्ञान काय होतं ते सांगते. चाळिशीत मी गाडी शिकले आणि पहिल्याच रविवारी धारवाडहून हुबळीपर्यंत पूर्ण रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये चालवली. इंजिन बोंबलत होतं, आणि मी शेजारी बसलेल्या ह्यांना सांगत होते, "बघा, आवाजच सांगतोय जोर किती आहे." नवनगरजवळ वाफ निघाली. ह्यांनी शांतपणे उतरून बॉनेट उघडलं आणि त्यानंतर मरेपर्यंत माझ्या शेजारी बसले नाहीत, मागे बसायचे.

तर अशी ही तज्ज्ञ बाई अण्णांच्या गॅरेजमध्ये खुर्ची पुसून बसली. अण्णांनी मनूकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि माझ्याकडे वळले.

"बसा री अक्का. गाडीचं मागनं बघू. आधी जेवणाचं सांगा. ह्यांचं जेवण कसं?"

आता माझी अवस्था समजून घ्या. सहा वर्षं मी सोफ्यावर बसून अनोळखी माणसांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं देत होते. मुलगी शांत आहे का, घरकाम येतं का, खाण्यापिण्याचं कसं. एक पोक्त गृहस्थ, हात बांधून, आदरानं माझ्या मुलीबद्दल विचारतोय म्हटल्यावर माझी पाठ आपोआप ताठ झाली, पदर सावरला गेला, आणि जीभ सवयीनं सुटली.

"फार शांत आहे हो. एकेक घास बत्तीस वेळा चावते. ताटात कण टाकत नाही. वाढणाऱ्यालाच घाई होते, हिला नाही."

मनू माझ्याकडे बघत राहिली. तिनं त्या दिवशी सकाळी उप्पीट उभ्यानं खाल्लं होतं, एका हातात किल्ली धरून. चार घासांत. मी मोजले होते.

अण्णांचा चेहरा खुलला. "मग ठीक. खरं म्हणजे आधी ब्रेक बदलायला पाहिजेत. ह्या डिस्क झिजल्यात, आणि नवी ताकद त्यांना झेपायची नाही. सामान यायला बारा दिवस लागतील. पण माणूस एवढं सावकाश आहे तर बारा दिवस सांभाळून चालवतील. फाइल आत्ता भरतो."

म्हणजे बघा, माझ्या त्या बत्तीस वेळा चावण्यावर त्यांनी आपला नेम वाकवला.

संध्याकाळी बायपासला चाचणी. मनू चालवायला, शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन अण्णा, मागे मी. अण्णा म्हणाले, "आता दाबा." मनूनं दाबलं. माझं पोट गब्बूरलाच राहिलं आणि उरलेली मी नरेंद्र क्रॉसला पोहोचले. अण्णा डोळे मिटून इंजिन ऐकत होते, कुठं ठोका येतोय का म्हणून. मनू हसत होती. एवढी हसताना मी तिला कितीतरी दिवसांनी बघत होते, आणि माझ्या मनात आलं, चला, चांगलं झालं. किती मूर्ख असावं माणसानं.

दोन दिवसांनी रविवार. दुसऱ्या दिवशी पहाटे मनू गाडी घेऊन बेंगळूरला निघणार होती. चारशे किलोमीटर. सकाळी तिनं इडली खाल्ली. खाल्ली कसली, टपालपेटीत पत्र टाकावं तशी तोंडात टाकली, आणि दुसरी हातात घेऊन टायरची हवा बघायला गेली. माझ्या हातातला सांबाराचा डाव तसाच राहिला. झिजलेल्या डिस्क, बारा दिवस, "सावकाश माणूस", सगळं एकदम समोर आलं. ही उद्या ह्याच वेगानं हमरस्त्याला लागणार होती, आणि ते माझ्या शब्दावर.

मनूला सांगितलं असतं तर तिनं "काही होत नाही ग" म्हणून उडवून लावलं असतं. मी पर्स घेतली, देवळात जाते म्हणाले आणि बसनं जुन्या हुबळीला गेले. दोन दिवसांतलं दुसरं खोटं.

अण्णा पंपाचे सुटे भाग रॉकेलमध्ये धूत बसले होते. मी उभ्यानंच म्हणाले, "अण्णा, मी खोटं बोलले. माझी मुलगी जेवत नाही, गिळते."

मला वाटलं, हसतील. म्हणतील, तेव्हाच कळलं होतं अक्का, मी फाइलीत सोय करून ठेवलीय. कथांमधली शहाणी माणसं तसंच म्हणतात. अण्णा तसं काही म्हणाले नाहीत. त्यांचा हात रॉकेलच्या डब्यातच थांबला.

"का हो अक्का?"

"सवय," मी म्हणाले. "स्थळांना सांगून सांगून."

ते उठले. हात धुतले, लॅपटॉप टॉवेलासकट पिशवीत घातला, स्कूटर काढली आणि मागच्या सीटवर फडकं मारलं. "बसा."

चौसष्टाव्या वर्षी मी एका मेकॅनिकच्या स्कूटरवर मागे बसून नवनगरात शिरले. गल्लीतल्या बायकांना महिनाभर पुरलं.

मनू आम्हाला बघून चपापली. मी सगळं सांगितलं. ती भडकली, अण्णांवर आणि माझ्यावर सारखीच. "मी काय लहान आहे का? गाडी माझी आहे. जेवणावरून कुणी गाडी चालवायचं ठरवतं का?"

अण्णा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. तुमच्या मर्जीशिवाय मी गाडीला हात लावत नाही. भूक लागलीय, एक भाकरी मिळंल का?"

आमच्याकडे एक रीत आहे, तुमच्याकडेही असेल. पाहुणा पानावर असेपर्यंत घरचं माणूस उठत नाही. मनू कितीही भडकली असली तरी तिनं ती कधी मोडली नव्हती. तिचं ताट पाच मिनिटांत साफ झालं. अण्णांनी तोवर भाकरीचा पहिला तुकडा मोडून नुसता झुणक्याला लावला होता.

मग ते बोलू लागले. एक घास, दोन वाक्यं. नवी ताकद कुठल्या वेगाला अंगावर येते, ती येण्याआधी गाडी क्षणभर कशी गप्प राहते आणि तेवढ्यात नवखा माणूस पाय आणखी कसा दाबतो. डिस्क तापली की ब्रेक कसा मऊ होतो. मनू आधी गुडघ्यात मान घालून बसली होती. मग तिनं एक प्रश्न विचारला. मग दुसरा. बोटानं ताटात इंजिनाचा आलेख काढायला लागली, ताकाचे थेंब वापरून.

दुसऱ्या भाकरीला अण्णा म्हणाले, "पंपाचं काम करायचो तेव्हा एक लॉरीवाला आला होता. घाईत होता. पिकअप वाढवून द्या म्हणाला, मी दिला. ब्रेक बघू का विचारलं, तर म्हणाला, येताना बघू. अरबैल घाटातनं तो आलाच नाही." त्यांनी भाकरी मोडली. "त्याच्या घरचं माणूस मला मागनं भेटलं. आधी भेटायला पाहिजे होतं."

 अण्णा पाऊण तास जेवले. शेवटचं ताक पिऊन त्यांनी पेला ठेवला तेव्हा मनू उठली, आत गेली आणि गाडीची किल्ली आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"जुनी फाइल घाला परत," ती म्हणाली. "ब्रेक आल्यावर बघू. मी उद्या रेल्वेनं जाते."

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.  इतकं हलकं मला मॅट्रिकच्या निकालालाही वाटलं नव्हतं, आणि तो निकाल तर मी दोनदा बघून आले होते, आपलाच आहे ना म्हणून.

सामान आलं. मनू रजा टाकून आली. नव्या डिस्क, नवे पॅड, नवे टायर. अण्णांनी तिला बायपासवर चाळीस वेळा नुसतं थांबायला लावलं. मग ताकदीची फाइल भरली आणि सोमवारी पहाटे पाचला मनू गाडी घेऊन निघाली. बत्तीस वेळा चावायला ती काही शिकली नाही. अजूनही गिळतेच, आणि तिचा पाच वर्षांचा लेकही तसाच निघालाय. पण त्या मुलीनं नंतर दोन वर्षं ती गाडी चालवली आणि बंपरवर एक ओरखडा आणला नाही.

अण्णा गेल्याला आता तीन वर्षं झाली. आजारपण नाही, काही नाही, गावाकडं गेले होते, तिथंच. त्यांच्या गॅरेजच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. त्या बोळातून जायची वेळ आली की मला आठवतो तो सोमवारच.

साडेअकराला मनूचा फोन आला. "आई, पोहोचले. मस्त चालली." मी देवापुढे साखर ठेवली आणि अण्णांना फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला.

"पोहोचली, अण्णा."

  पलीकडून शटर खाली ओढल्याचा खडखडाट ऐकू आला, लांबलचक.

"दुकान बंद करताय की काय? अजून बारा नाही वाजले."

"होय अक्का," अण्णा म्हणाले. "काल रात्रीपासनं जागाच आहे. आता जरा पडतो."