कुलूपबंद घरांची सरासरी

सॉफ्टवेअर कोणतं वापरायचं यावर आमच्या कॉलेजात पावसाळाभर वाद चालला. त्या अख्ख्या पावसाळ्यात आपल्याला नेमकं काय मोजायचंय, हे कोणी एकदाही विचारलं नाही. मी तिथे संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा तमाशा मला पहिल्या रांगेत बसून पाहावा लागला.

मोजायचं होतं ते असं. पोहरादेवीच्या वाटेवरच्या तांड्यांमधली बरीच माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. एक संस्था त्यांच्या पोरांची राहण्याजेवणाची सोय गावातच करते, म्हणजे त्यांची शाळा बुडत नाही. या सोयीला पैसा देणारे लोक लांब शहरात बसतात. त्यांना वाटलं, ही सोय खरंच लागते का ते एकदा तपासावं. पोरं आपापल्या घरी राहूनच शाळेत जात असतील तर सोय बंद, नसतील तर चालू. तपासायचं काम आमच्या कॉलेजकडे आलं आणि आमच्याकडे दोन तट पडले.

आमच्या विभागप्रमुखांना विकतचं पॅकेज हवं होतं. त्यांच्या पीएचडीत तेच होतं म्हणे. 'होतं' एवढंच खरं. त्यांनी स्वतः ते कधी उघडलं नव्हतं. शहरातल्या एका टायपिंगच्या दुकानात आकड्यांची थैली नेऊन टाकली आणि आठ दिवसांनी तक्ते बांधून आणले, जसं कोणी गिरणीतून दळण आणावं. दुसऱ्या तटाला संगणकाचे एक तरुण प्राध्यापक. ते पुण्याहून आठवड्याभराची कार्यशाळा करून आले होते आणि तेव्हापासून फुकटच्या पॅकेजशिवाय त्यांच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. चहा प्यायला गेलं तरी ते बशीवर बोटाने कोड लिहून दाखवायचे.

“फुकटच्या चीजेले किंमत काय राह्यते?” प्रमुख म्हणायचे. “उद्या काही चुकलं तं कोणाले धरसान?”

“विकतचं घेऊन तरी कोणाला धरणार, सर? विकणाऱ्याला?” तरुण प्राध्यापक विचारायचे.

प्राचार्य दोघांनाही “बरोबर हाय” म्हणायचे. त्यांचं मन एकाच गोष्टीत होतं, की जे घ्याल त्याचं उद्घाटन कोणाच्या हस्ते करायचं.

मला हसू यायचं आणि चीडही यायची. बैठक झाली की रंगीत आलेख कोणाचा बरा दिसतो यावर तास जायचा. मी एकदा म्हटलं, “कोणतंही घ्या, पण आधी आकडे कसे गोळा करायचे ते ठरवा. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?” दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू लग्नाच्या पंगतीत मयताची गोष्ट काढली.

पाहणीला मुहूर्त लागला तो दिवाळीनंतर, परीक्षा आटोपल्यावर. का, तर तेव्हा विद्यार्थी रिकामे असतात. विद्यार्थी रिकामे असतात हे खरं, पण तेव्हा तांडेही रिकामे असतात. मी हे स्पष्ट बोललो.

“भेटतीन तेवढे घेऊ,” प्रमुख म्हणाले. “बाकीचं सॉफ्टवेअर सांभाळून घेते.”

जन्मात ज्याने गाय पाळली नाही तोही दुधाबद्दल इतक्या खात्रीने बोलत नाही.

विद्यार्थी गेले. घरात कोण कोण आहे, पोरं किती, गेल्या आठवड्यात शाळेत किती दिवस गेली, असे साधे प्रश्न होते. घर बंद असेल तर 'कुलूप' लिहा, अशी सूचना होती. आमच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी त्याच भागातली. वर्गात सर्वांत चलाख. दोन्ही पॅकेजं तिला प्रमुखांपेक्षा आणि त्या तरुण प्राध्यापकांपेक्षाही बरी चालवता यायची, हे सांगायला मला भीड नाही. ती इथे मुलींच्या वसतिगृहात राहायची. आईबाप ऊसतोडीला, आणि धाकटी बहीण त्या संस्थेच्या सोयीत राहून शाळा शिकायची. पाहणीला तिला तिचाच तांडा मिळाला. आपल्या स्वतःच्या दारापुढे उभं राहून तिने कागदावर 'कुलूप' लिहिलं आणि पुढच्या घराकडे गेली.

आकडे संगणकात चढले. 'कुलूप' हा काही आकडा नव्हे, म्हणून ती जागा कोरी राहिली. चाचणीपुरत्या आणलेल्या विकतच्या पॅकेजने कोऱ्या जागा निमूट बाजूला सारल्या. फुकटच्या पॅकेजने थोडी कुरकुर केली, तेव्हा प्राध्यापकांनी एक आज्ञा देऊन तिचं तोंड बंद केलं. उरली ती घरं, ज्यांची माणसं कुठेच गेली नव्हती. त्यांची पोरं शाळेत जातात का? जातातच की!

दोन्ही पॅकेजांचं उत्तर दशांशापर्यंत सारखं आलं. पावसाळाभर एकमेकांकडे पाठ करून बसणारी माणसं त्या दिवशी एकाच प्लेटमधली कचोरी खात होती.

“सर,” ती पोरगी तक्ता पाहून मला म्हणाली, “आमचं घर कोठी हाय याच्यात?”

“कुठेच नाही,” मी म्हटलं.

“मंग हे लोक सोय बंद करतीन. बहिणीले माय-बाप संगं घेऊन जातीन उसाच्या फडावर. तिची शाळा गेली सर.”

मी तडक बैठकीत गेलो. म्हटलं, ज्यांच्यासाठी ही पाहणी आहे तीच माणसं तुम्ही गाळलीत. बंद घरं हेच उत्तर आहे. प्रमुखांनी तक्ता पुन्हा जवळ ओढला. मला क्षणभर वाटलं, पटलं. मीही खुळाच.

“मुद्दा बरोबर हाय,” ते म्हणाले. “कोऱ्या जागा बऱ्या दिसत नाईत.”

“त्यावर उपाय आहे,” तरुण प्राध्यापकांचे डोळे चमकले. “रिकाम्या जागी सरासरी भरायची. एका ओळीचं काम.”

“आमच्यात तं एका क्लिकचं!” प्रमुख म्हणाले.

आणि भरली. तांड्यात उरलेल्या घरांची सरासरी काढून ती कुलूप लागलेल्या प्रत्येक घराच्या नावावर टाकली. मी ओरडलो. तेव्हा प्राचार्य मला समजुतीने म्हणाले, “तुमी काहून एवढं तापून राह्यले? दोन-दोन सॉफ्टवेअर एकच सांगून राह्यले ना!” त्या अहवालात फडावर पाचट वेचणारी पोरंही वक्तशीर शाळेत जाऊ लागली. असली विद्या पाजळण्यापेक्षा या तिघांनी केनवडच्या बाजारात भाजीचं दुकान मांडलं असतं तर निदान तराजू तरी खरा लागला असता, आणि न लागला तर गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे पाणउतारा केला असता. मी त्या अहवालावर सही केली नाही, पण माझ्या सहीवाचून त्यांचं काही अडलं नाही. मी शहरातल्या लोकांना वेगळं पत्रही पाठवलं. त्यांनी कॉलेजचं मत अंतिम असल्याचं कळवलं.

पुढच्या हंगामाला सोय बंद झाली. कॉलेजने विकतचं पॅकेज घेतलं, नारळ फुटला, प्राचार्यांचा फोटो निघाला. आणि ती पोरगी वर्गात येईनाशी झाली. मी तांड्यावर गेलो, तर ती अंगणात बहिणीची वेणी घालत होती.

“मायले म्हटलं, तुमी जा, हिले नका नेऊ,” ती म्हणाली. “मी थांबतो हिच्यापाशी. हिची शाळा तं चालू राह्यली.”

“आणि तुझं?”

“पेपर देईन ना सर. पुस्तकं हायेत माह्यापाशी.”

धाकटीने मान हलू नये म्हणून माझ्याकडे फक्त डोळे वळवले. परत येताना मी मनातल्या मनात कॉलेजातल्या त्या तिघांनाही नावं घेऊन शिव्या दिल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी परीक्षेआधी हजेरीची बैठक झाली. ज्यांची हजेरी कमी त्यांना पेपरला बसू द्यायचं नाही, असा नियम. तिचं नाव आलं. तिच्या नावापुढे मार्चपर्यंत नुसत्या कोऱ्या जागा.

मी म्हटलं, “यात वर्गाची सरासरी भरा.”

प्रमुखांनी चष्मा काढला. “चेष्टा करून राह्यले काय सर तुमी?”

“नाही. एका क्लिकचं काम आहे. पॅकेज तर आता आपल्याच मालकीचं आहे.”

“अहो, पण असं कसं भरता येईन?” ते खरोखरच चक्रावून म्हणाले. “ते पोरगी वर्गात नव्हती ना!”

तरुण प्राध्यापकांनीही मान डोलावली, आणि प्राचार्यांनी लाल शाईने तिचं नाव खोडलं.